मनोरुग्णांची परिचर्या : नीती आणि कायदा
(परिचर्या विभागातर्फे अभ्यासलेख)

वार्षिक अहवालात जमाखर्च, खाटांची संख्या व शस्त्रक्रियांचा तपशील यांच्या जोडीने एक अभ्यासपर लेख देण्याची आपल्या संस्थेची पद्धत आहे. या वेळी मनोरुग्णांच्या परिचर्येतील नैतिक व कायदेविषयक प्रश्न हा विषय आम्ही घेतला आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरास तो रुक्ष वाटणार नाही. आणि विश्वस्त मंडळाने त्यात लक्ष का घालावे हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल, अशी आशा आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत असे त्याचे पाच तालुके. राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. शासनाच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे उपचार पूर्वीपेक्षा जवळ आले हे खरे, तरीही रात्री दोन वाजता बेभान झालेल्या माणसास घेऊन जीप निघते ती जवळच्या सर्वसाधारण रुग्णालयाकडेच. तिथे त्याला प्रथम भेटते ती परिचारिका. तिच्या शिक्षणात मनोरुग्ण परिचर्या हा विषय असतो, त्यासाठी काही आठवडे दूरच्या मनोरुग्णालयात प्रात्यक्षिकही होते. परंतु पुढील सर्व आयुष्य सलाईन, प्रसूती आणि ताप यांत जाते. त्यामुळे अशा रुग्णाशी वागताना काय करता येते आणि काय करता येत नाही, याविषयी आम्हां परिचारिकांच्याच मनात बराच गोंधळ होता, हे प्रांजळपणे सांगावयास हवे.

बांधलेले हात

एका प्रसंगापासून आरंभ करणे योग्य होईल. तो आमच्याच अनुभवातील असून २०१७ चा कायदा येण्यापूर्वीचा आहे. प्रसूतीनंतर चौथ्या दिवशी एक तरुण माता असंबद्ध बोलू लागली. तिची झोप पूर्णपणे उडाली. बाळ आपले नव्हेच असे ती म्हणू लागली आणि मध्यरात्री वॉर्डातून बाहेर धावली. त्या रात्री स्त्री कक्ष व प्रसूती कक्ष मिळून एकच परिचारिका कामावर होती आणि पलीकडे एक प्रसूती चालू होती. नातेवाईक व मावशी यांनी मिळून त्या मातेचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेस बांधले. परिचारिकेने ते पाहिले आणि ती प्रसूतीकडे गेली. पट्ट्या सुटल्या त्या सकाळी सहा वाजता. मनगटांवर वळ उठले होते. बाळास सासूबरोबर गावी पाठविण्यात आले. केसपेपरवर रात्रीची नोंद दोनच शब्दांची होती : ‘रुग्ण शांत.’

प्रसूतीनंतरचा हा तीव्र मनोविकार साधारणतः हजार प्रसूतींमागे एक ते दोन स्त्रियांना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. ही माताही बरी झाली. दोन महिन्यांनी तपासणीस आली असता तिने त्याच परिचारिकेस विचारले, “सिस्टर, माझे हात कामून बांधले होते?” त्या रात्रीचे तिला काही आठवत नसेल अशी आमची समजूत होती. तिला सर्व आठवत होते.

या प्रसंगात कोणीही क्रूर नव्हते. नातेवाईक घाबरले होते, मावशी थकली होती आणि परिचारिकेपुढे दोन जीव होते. मनोरुग्णांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका अशाच घडतात, असा आमचा अनुभव आहे. दुष्टपणापेक्षा सोय हे त्यांचे कारण असते. आणि सोयीसाठी केलेली गोष्ट पुढे ‘रुग्णाच्या भल्यासाठी’ या नावाने नोंदली जाते किंवा नोंदलीच जात नाही.

आज तोच प्रसंग घडला तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ काय म्हणतो ते पाहू. हा कायदा २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ९७ नुसार रुग्णास एकांतवासात कोंडून ठेवता येत नाही. शारीरिक बंधन घालावयाचे ते फक्त रुग्णास किंवा इतरांस होणारी तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही उपाय उरला नसेल तेव्हाच, आणि तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने. धोका टळेपर्यंतच ते ठेवावयाचे. बंधन कोणत्या प्रकारचे, का आणि किती वेळ, याची नोंद तत्काळ केसपेपरवर झाली पाहिजे. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस चोवीस तासांच्या आत कळविले पाहिजे. बंधनात असलेल्या रुग्णावर वैद्यकीय कर्मचाऱ्यांची सतत देखरेख हवी, आणि अशा प्रत्येक घटनेचा अहवाल दरमहा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे गेला पाहिजे. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बंधन घालण्यास पूर्ण मनाई आहे. याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, केवळ कर्मचारी अपुरे आहेत या कारणावरून बंधन घालता येणार नाही.

हे शेवटचे वाक्य वाचून आमच्या बैठकीत काही काळ कोणी बोलले नाही. त्या रात्रीचे आमचे एकमेव समर्थन तेच होते.

बाळाविषयीही कायदा स्पष्ट आहे. तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करावयाचे नाही (कलम २१). मुलास धोका असल्यास तात्पुरते वेगळे करता येते. परंतु त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. मराठवाड्यातील घरांत ‘वेडाच्या दुधाने बाळ बिघडेल’ अशी भीती अजून आहे. बाळास परस्पर गावी नेले की आईचे दूध आटते, आणि बरी झाल्यावरही ‘हिच्या हाती मूल द्यावे काय’ हा प्रश्न घरात कायमचा राहतो. औषध चालू असताना स्तनपान करावे की नाही याचा निर्णय डॉक्टरांनी औषध पाहून करावयाचा असतो, सासूने किंवा परिचारिकेने नव्हे.

बांधावयाचे नाही तर करावयाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या विभागाने काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. गर्दी हटविणे हे पहिले काम. भोवती दहा माणसे उभी असली की घाबरलेला रुग्ण अधिक घाबरतो. बोलणारी व्यक्ती एकच असावी, तिने हळू आणि छोट्या वाक्यांत बोलावे, दोन हात अंतर राखावे आणि दार अडवून उभे राहू नये. तीव्र दिवा मालवावा. काच, कात्री, सलाईनचा स्टँड दूर करावा. खाटेऐवजी गादी जमिनीवर घालावी. भूक, तहान, तुंबलेली लघवी, ताप किंवा दारू अचानक बंद झाल्याने आलेला वातभ्रम यांपैकी काही आहे काय हे पाहावे. ‘वेड लागले’ म्हणून आणलेल्या काही रुग्णांना प्रत्यक्षात मेंदूज्वर किंवा रक्तातील साखर उतरण्याचा त्रास असतो. डॉक्टरांच्या आदेशाने इंजेक्शन द्यावे लागले तर देण्यापूर्वी काय देत आहोत ते रुग्णास सांगावे, तो ऐकत नाही असे वाटले तरी. एवढे करूनही बंधन घालावेच लागले, तर दर पंधरा मिनिटांनी हातापायांचा रंग, सूज आणि श्वास पाहण्यासाठी एक व्यक्ती शेजारी थांबते. या सर्वांस दोरीपेक्षा अधिक माणसे लागतात, हे उघड आहे.

साखळीस मात्र कायद्याने कोणत्याही स्वरूपात जागा ठेवलेली नाही (कलम ९५). ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमास पहाटे आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. त्या दुर्घटनेत अठ्ठावीस जण दगावले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानेही भूत उतरविण्याच्या नावाखाली एखाद्यास दोरीने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा ठरविला आहे.

तथापि गोठ्याशेजारी मुलास साखळी घालून ठेवणाऱ्या बापास केवळ कलम वाचून दाखविणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. बहुतेक वेळा घरातील सर्व माणसे सोयाबीनच्या किंवा हळदीच्या शेतात गेलेली असतात, जवळ उघडी विहीर असते आणि मुलगा आधी दोनदा नाहीसा झालेला असतो. साखळी का घातली हे आधी विचारावे, औषध नियमित चालू करावे आणि दिवसा त्याच्याजवळ कोण थांबेल हे ठरवावे. साखळी नंतर आपोआप अडगळीत जाते, असे आम्ही पाहिले आहे. घरच्यांकडून खरोखरच छळ किंवा हेळसांड होत असेल तर पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यांना कळवावयाचे असते (कलम १०१), आणि तशी वेळ आल्यास परिचारिकेने संकोच करू नये.

सही कोणाची?

भरतीच्या वेळी सर्वसाधारणपणे जो पुरुष बरोबर असतो तो सही करतो. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्राचीही तीच सवय पडली आहे. मनोरुग्णाच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते.

१९१२ चा ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’ हा मुख्यतः समाजाचे रुग्णापासून संरक्षण करणारा कायदा होता. १९८७ च्या कायद्याने, जो १९९३ मध्ये अमलात आला, भाषा सौम्य केली. परंतु मनोरुग्णालयात दाखल करण्याच्या अटींवरच त्याचा भर राहिला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केल्यावर आपला कायदा त्यास जुळवून घेणे भाग पडले, आणि २०१७ च्या अधिनियमाचा आरंभच या गृहीतावर झाला की, मानसिक आजार आहे म्हणून माणसाची निर्णयक्षमता गेली असे मानता येणार नाही. दिलेली माहिती त्यास समजते काय, परिणामांचा अंदाज येतो काय, आणि निर्णय बोलून, लिहून वा खुणेने सांगता येतो काय, एवढेच पाहावयाचे. त्याचा निर्णय आपणांस अयोग्य वाटतो, एवढ्यावरून तो निर्णय करण्यास असमर्थ ठरत नाही.

म्हणून जो प्रौढ रुग्ण स्वतः दाखल होतो त्याची स्वतःची संमती लागते आणि तो घरी जाण्यास मागतो तेव्हा त्याला जाऊ द्यावे लागते. गंभीर धोका दिसत असल्यास पुन्हा तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबविता येते. रुग्णाची स्थिती इतकी गंभीर असेल की त्यास निर्णयासाठी फार मोठ्या आधाराची गरज आहे, तेव्हा नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासून, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. स्त्री रुग्णाच्या अशा भरतीची माहिती तीन दिवसांत, पुरुष रुग्णाची सात दिवसांत मंडळास द्यावयाची असते. तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत उपचार करू शकतो. प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावयाची. मात्र विद्युत झटक्याचा उपचार या तातडीच्या तरतुदीखाली देता येत नाही.

नामनिर्देशित प्रतिनिधी हा शब्द कुटुंबांनी लक्षात ठेवावा, अशी आमची विनंती आहे. बरे असताना कोणीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने, आपला प्रतिनिधी नेमू शकते. त्यासाठी मुद्रांक लागत नाही. नवऱ्याऐवजी बहीण, भावाऐवजी मैत्रीण नेमता येते. माहेर आणि सासर यांत तंटा असलेल्या स्त्रीच्या बाबतीत या एका कागदाचे मोल किती आहे, हे आम्ही निराळे सांगावयास नको. मनोरुग्णालयात बरी होऊनही वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या रुग्णांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, त्याच्या मुळाशीही पतीने दाखल केलेल्या आणि अनेक वर्षे आत राहिलेल्या एका स्त्रीचीच हकिगत होती.

चहातून किंवा वरणातून गोळी देण्याचा प्रश्न येथेच येतो. जवळजवळ प्रत्येक कुटुंब तो विचारते. सुरुवातीस आम्हीही त्यास मूक संमती देत असू. आता देत नाही. रुग्णास कधीतरी ते कळतेच, आणि कळल्यावर तो गोळीच नव्हे तर घरचे अन्नही नाकारतो. ‘हे मला विष घालतात’ हा त्याचा संशय आपणच खरा करून दाखविलेला असतो. शिवाय लपवून दिलेल्या औषधाचे दुष्परिणाम तो सांगू शकत नाही. गोळी नको म्हणणाऱ्या रुग्णास कारण विचारावे. मान अवघडते, तोंडास कोरड पडते, दिवसभर झापड येते, लैंगिक दुर्बलता येते, अशी कारणे बहुधा खरी असतात आणि मात्रा वा औषध बदलून त्यांवर इलाज होतो.

मुलांच्या बाबतीत

अठरा वर्षांखालील मुलास मानसिक आजारासाठी दाखल करणे हा शेवटचा उपाय असावा, अशी कायद्याची रचना आहे (कलम ८७). दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलेले असावे, बाहेर राहून उपचार करणे शक्य नाही अशी खात्री झालेली असावी आणि मुलाची स्वतःची इच्छा विचारात घेतलेली असावी. मुलास प्रौढांबरोबर ठेवता येत नाही. आईवडिलांपैकी कोणी किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती संपूर्ण काळ मुलाजवळ राहिलीच पाहिजे. मुलीजवळ स्त्रीच हवी. बहात्तर तासांत मंडळास कळवावयाचे, आणि मुक्काम तीस दिवसांचा झाला तर पुन्हा. विद्युत झटक्याचा उपचार मुलांसाठी निषिद्ध आहे. अपवाद करावयाचा तर पालकाच्या संमतीबरोबर मंडळाची पूर्वपरवानगी लागते. भूल व स्नायू सैल करणारे औषध यांविना हा उपचार कोणासही, प्रौढासही, देता येत नाही.

‘आई जवळ राहिलीच पाहिजे’ हा नियम लिहिण्यास सोपा आहे. दिवसाच्या मजुरीवर घर चालविणाऱ्या आईने दहा दिवस खाटेशेजारी बसावयाचे म्हणजे दहा दिवसांची चूल. गेल्या काही वर्षांत देणगीदारांनी नातेवाईकांच्या जेवणासाठी दिलेला निधी आम्ही प्रथम अशा मातांसाठी वापरतो. ते दान कायद्याच्या पालनास लागते, हे देणाऱ्यांस कदाचित ठाऊक नसेल.

मुलांचा विचार करताना महाराष्ट्रातील एक घटना विसरता येत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुली व तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. या मुलींना मासिक पाळीतील स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांस आपण मुलींचे हित करीत आहोत असेच वाटत असावे. परंतु पाळीचे कापड बदलणे, अंघोळ घालणे, कपडे नेसविणे ही परिचर्येची कामे आहेत; ती करावयास हात कमी पडतात म्हणून अवयव काढता येत नाही. आजही वयात आलेल्या मतिमंद मुलीस घेऊन एखादी थकलेली आई हाच प्रश्न दबक्या आवाजात विचारते. तिच्यावर रागावू नये. पाळीच्या आधी दोन-तीन महिने रोज ठरावीक वेळी, बाहुलीवर किंवा आईने स्वतः दाखवून, कापड बदलणे शिकविले तर अनेक मुली ते शिकतात. जी शिकत नाही तिच्यासाठी इतर औषधोपचार आहेत. आणि ही शस्त्रक्रिया तिचे अत्याचारापासून संरक्षण करीत नाही. फार तर झालेला अत्याचार लपवील.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मतिमंदत्व हा २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजार नव्हे. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांस हे ठाऊक नसते आणि बँक खात्याच्या वा वारसाच्या वेळी त्यांची धावपळ होते.

गुप्तता, आणि तिची मर्यादा

ऊसतोडीच्या हंगामात आईवडील बाहेरगावी गेलेले असतात, मुलगी नातेवाइकांकडे असते. तिला झटके येऊ लागतात, संध्याकाळ झाली की दातखीळ बसते, गावात ‘बाहेरचे’ म्हणून उतारा होतो. तपासण्या निर्दोष येतात. मग एखाद्या रात्री ती परिचारिकेस म्हणते, “कुणाला सांगणार नसाल तर सांगते.” अशा वेळी ‘नाही सांगणार’ असे वचन देण्याचा मोह होतो. ते देऊ नये. अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका पोलिसांना कळविणे २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने प्रत्येकास बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. वयाआधी लग्न लावून दिलेल्या गरोदर मुलीलाही तो लागू होतो. “तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावेच लागेल तेवढ्यांनाच मी सांगेन, आणि सांगण्याआधी तुला विचारून, तुझ्यासमोर सांगेन” एवढेच खरे वचन परिचारिका देऊ शकते. मुलीस पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून हकिगत काढणे हे परिचारिकेचे काम नाही. तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

प्रौढांच्या बाबतीत गुप्ततेची कसोटी वेगळीच असते. लग्नसराईच्या आधी एखादे गृहस्थ येतात, चहा घेतात आणि सहज विचारतात, “ताई, अमक्याच्या पोरीला तुमच्याकडे दाखवत होते म्हणे?” ते बहुधा ओळखीचे असतात, कधी नात्यातलेही. कलम २३ नुसार रुग्णाच्या आजाराची माहिती देता येत नाही. त्याला असलेले अपवाद, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या जिवास धोका किंवा न्यायालयाचा आदेश, येथे लागू पडत नाहीत. आमचे ठरलेले उत्तर असे : “येथे कोण येते आणि कोण येत नाही, हे आम्ही कोणाविषयीच सांगत नाही.” ‘ती येत नाही’ असे खोटेही सांगू नये, कारण उद्या दुसऱ्या मुलीविषयी गप्प राहिलो तर गप्प राहण्याचाच अर्थ लावला जाईल. आजार लपवून लग्न लावावे, असे आम्ही सुचवीत नाही. हिंदू विवाह कायद्यान्वये त्यातून पुढे खटले उभे राहतात, आणि लग्नानंतर लपून गोळ्या न घेता आल्याने आजार उलटतो हे त्याहून वाईट. परंतु ते सांगावयाचे त्या मुलीने व तिच्या घरच्यांनी.

वृत्तपत्रांसाठी किंवा देणगीपत्रकासाठी मनोरुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीविना देता येत नाही. या अहवालात आमच्या कक्षाची छायाचित्रे का नाहीत, याचे उत्तर तेच आहे.

विष घेतलेला रुग्ण

आपल्या भागात तणनाशक किंवा कीटकनाशक प्यायलेला शेतकरी येतो तेव्हा पोट धुणे, इंजेक्शने, पोलिसांना सूचना हे सर्व वेगाने होते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलावयास कोणी नसते. कधी आमच्याच तोंडून ‘लेकराबाळांचा तरी विचार करायचा होता’ असे निघते. त्याने तो विचार केलेला असतो; रात्र-रात्र केलेला असतो.

मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले होते. निकाल न्या. पी. बी. सावंत यांचा. खटल्यातील व्यक्ती मुंबई पोलिस दलातील एक शिपाई होता. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या या माणसाने महापालिकेच्या दारात स्वतःस पेटवून घेण्याचा प्रयत्न केला होता. अशा माणसास तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज आहे हा त्या निकालाचा गाभा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. पुढे २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, असे म्हटले आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखी सर्वसाधारण तरतूद उरलेली नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. तरीही ‘केस होईल’ या भीतीने नातेवाईक ‘चुकून औषध पोटात गेले’ असे सांगतात व कोणते औषध ते दडवतात. उपचार चुकतो तो येथे. बाटली बरोबर आणा, हे आम्ही प्रत्येक गावातील शिबिरात सांगतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या प्रेरणा प्रकल्पात ज्या चौदा जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत हिंगोली आहे.

विश्वस्त मंडळापुढील विषय

ज्या सर्वसाधारण रुग्णालयात मानसिक आजाराचे रुग्ण दाखल होऊन उपचार घेतात, ते रुग्णालय धर्मादाय असले तरी या कायद्याच्या कक्षेत येते व त्यास राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीविना चालविल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड असून पुढे तो पाच लाखांपर्यंत जातो. कायद्यातील अन्य तरतुदींच्या भंगासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावासही आहे.

बंधनाची स्वतंत्र नोंदवही परिचर्या विभागाने ठेवली असून ती दर तिमाहीच्या सभेत विश्वस्तांपुढे ठेवण्यात येते. एका सभेत एका सन्माननीय विश्वस्तांनी विचारले की, रात्री स्त्री कक्ष आणि प्रसूती कक्ष यांना दोन वेगळ्या परिचारिका कशासाठी, जेव्हा इतकी वर्षे एकीने भागले आहे. प्रश्न काटकसरीच्या सद्हेतूने विचारला होता. आम्ही उत्तरादाखल कलम ९७ आणि वर सांगितलेली रात्र, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. दुसऱ्या पदाचा प्रस्ताव मंडळाच्या विचाराधीन आहे. वेतनाचा हा आवर्ती खर्च इमारतीसाठी दिलेल्या देणगीतून भागविता येत नाही, हे देणगीदारांच्या माहितीसाठी नमूद करतो.

नामनिर्देशित प्रतिनिधीचा नमुना कागद परिचारिका कक्षात विनामूल्य मिळतो. लिहिता येत नसल्यास आम्ही लिहून देतो. तीव्र मानसिक त्रासात कोणत्याही वेळी शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.